काळी माती, गाडी आणि कॉर्डलेस व्हॅक्यूम

ओला आणि सुका असा दोन्ही कचरा ओढणारा, बॅटरीवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला गेले की दुकानात आधी वॅटचा आकडा ऐकवला जातो, मग पास्कलचा. घेणाऱ्याने मात्र सुरुवात कचऱ्यापासून करावी. गाडीत नेमके काय साठते, ते किती बारीक असते, कोरडे असते की ओले, आणि साफसफाईच्या वेळी वीज असते का, या प्रश्नांची उत्तरे हाती आली की खोक्यावरच्या निम्म्या आकड्यांचे महत्त्व आपोआप कमी होते. पुण्यातल्या फरसबंद पार्किंगमध्ये उभी राहणारी गाडी आणि जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीची गाडी यांना एकच यंत्र पुरे पडेल असे नाही.

तीर्थपुरीचा परिसर गोदावरीच्या खोऱ्यातला. जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे या पट्ट्यात ऊस वाढला. समर्थ सहकारी साखर कारखान्याचे ‘सागर’ हे युनिट तीर्थपुरीलाच आहे. उसाच्या जोडीला कापूस, सोयाबीन आणि तूर. त्यामुळे इथल्या जीपमध्ये, पिकअपमध्ये आणि गॅरेजच्या फरशीवर पडणारा कचरा हंगामाप्रमाणे बदलतो. गाळप सुरू असताना पाचटाचे तुकडे आणि उडून आलेले बगॅसचे तंतू सीटखाली जाऊन बसतात. कापूस वेचणीच्या दिवसांत रुईचे धागे मॅटच्या खरखरीत पृष्ठभागाला असे चिकटतात की झाडूने निघत नाहीत. उन्हाळ्यात मातीची धूळ एसीच्या जाळ्यांपर्यंत पोचते, आणि पावसाळ्यात पायाबरोबर चिखल आत येतो. गॅरेजमध्ये यावर लोखंडाचा कीस, ग्रीस मिसळलेली माती आणि रेडिएटर रिकामा करताना सांडलेले पाणी यांची भर पडते.

या सगळ्यात यंत्राची खरी परीक्षा घेते ती काळी माती. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते आणि त्यात माँटमोरिलोनाइट हे खनिज मुख्य असते. ते पाणी पिऊन फुगते, वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान धरतात. एवढे बारीक कण साध्या स्पंजच्या किंवा विरळ कापडाच्या फिल्टरमधून सरळ पार होतात आणि यंत्राच्या मागच्या तोंडातून पुन्हा गाडीत पसरतात. वरून सीट स्वच्छ दिसते, पण ती धूळ डॅशबोर्डवर आणि बसणाऱ्याच्या छातीत गेलेली असते. म्हणून या भागात व्हॅक्यूम निवडताना फिल्टरला मोटारीच्या वॅटइतकेच, किंबहुना थोडे अधिक वजन द्यायला हवे.

धूळ फुंकून उडवण्यापेक्षा ओढून घ्यावी, ही कल्पना लंडनमध्ये १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने प्रत्यक्षात आणली. त्याचे यंत्र एवढे मोठे होते की ते घोडागाडीवरून आणून घराबाहेर उभे करत आणि लांब नळ्या खिडकीतून आत सोडत. हातात मावणारा, बॅटरीचा व्हॅक्यूम सर्वदूर पोचला तो १९७९ मध्ये ब्लॅक अँड डेकरच्या ‘डस्टबस्टर’मुळे. भारतात घरोघरी जाऊन व्हॅक्यूम क्लीनर दाखवण्याची पद्धत १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सने रुजवली. गावातल्या बहुतेक गॅरेजांत मात्र आजही कॉम्प्रेसरची हवा मारूनच गाडी आतून साफ करतात. त्यात कचरा नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो, आणि त्यातला काही भाग हवा मारणाऱ्याच्या नाकातोंडात जातो.

व्हॅक्यूम क्लीनरच्या आत मोटारीवर फिरणारा पंखा असतो. तो डब्यातली हवा बाहेर फेकतो, डब्यात दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा नळीवाटे आत धावताना वाटेतला कचरा बरोबर आणते. कचरा उचलतो तो हवेचा वेग. इथे दोन वेगळ्या गोष्टी मोजाव्या लागतात. तोंड पूर्ण बंद केल्यावर आत दाब किती उतरतो ते किलोपास्कलमध्ये सांगतात. हे झाले सक्शन. तोंड पूर्ण उघडे असताना सेकंदाला किती लिटर हवा वाहते तो झाला प्रवाह. चिकटलेली माती सुटायला आणि पाणी वर चढायला सक्शन लागते, तर पाचट, खडे आणि रुई वाहून न्यायला प्रवाह लागतो. दोहोंपैकी एकच आकडा छापलेला असेल तर दुसरा विचारावा, आणि तो मिळत नसेल तर सावध व्हावे.

ढोबळ तुलनेसाठी किलोपास्कल आणि लिटर यांचा गुणाकार करून चारने भागावे. येणारा आकडा म्हणजे हवेच्या झोताची जास्तीत जास्त ताकद, वॅटमध्ये. समजा, १८ व्होल्टच्या डबेवाल्या यंत्राचे सक्शन ९ किलोपास्कल आणि प्रवाह सेकंदाला २४ लिटर आहे, तर त्याची ताकद ५४ वॅट भरते. हातात धरायच्या छोट्या यंत्रावर ‘६००० पास्कल’ असे ठळक छापलेले असते. ते ६ किलोपास्कलच असतात. त्याचा प्रवाह सेकंदाला ८ लिटर धरला तर ताकद निघते फक्त १२ वॅट. खोक्यावर ‘१२० वॅट’ असा जो आकडा असतो तो मोटार किती वीज खाते याचा. त्यातली किती कामी लागते हे त्यावरून कळत नाही.

नळीची जाडीही बघायला हवी. सेकंदाला २४ लिटर हवा ३५ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून गेली तर तिचा वेग सेकंदाला सुमारे २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर होतो. तीच हवा ५० मिलिमीटरच्या नळीतून सोडली तर वेग निम्म्यावर येतो आणि जड खडे, नटबोल्टचे वॉशर नळीतच पडून राहतात. उलट नळी फार अरुंद घेतली तर उसाचे चिपाड आडवे होऊन अडकते. बॅटरीच्या यंत्राला ३२ ते ३५ मिलिमीटरची, दीड-दोन मीटर लांबीची नळी मानवते. डबा दाराबाहेर जमिनीवर ठेवून मागच्या सीटपर्यंत पोचायला तेवढी लांबी पुरते. त्याहून लांब नळी लावली की सक्शनचा मोठा भाग नळीशीच झगडण्यात जातो. जोडीला चपटे लांब नोझल आणि केसांचा गोल ब्रश हवाच. सीटच्या रुळांमधली माती चपट्या नोझलशिवाय निघत नाही, आणि एसीच्या जाळ्यांना ब्रशशिवाय हात लावू नये.

फिल्टरच्या बाबतीत दोन थर असलेली रचना चांगली. आधी डब्यात कापडी किंवा कागदी पिशवी, तिच्यामागे घड्या घातलेला कार्ट्रिज फिल्टर, आणि त्यापुढे मोटार. पिशवीत बहुतेक बारीक माती अडते, त्यामुळे कार्ट्रिज लवकर तुंबत नाही. पिशवी नसेल तर काळ्या मातीच्या गाडीत दहा-पंधरा मिनिटांत फिल्टरवर पातळ लेप चढतो. आवाज तेवढाच राहतो, पण ओढ मंदावते. हेपा म्हणवणाऱ्या फिल्टरने ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवावेत असे अमेरिकी मानक आहे. पण फिल्टर आणि डबा यांच्यामधली रबरी कड नीट बसत नसेल तर धूळ फिल्टरला वळसा घालून जाते, मग हेपा असून नसून सारखेच. तपासायची सोपी रीत अशी: सकाळच्या तिरप्या उन्हात यंत्र ठेवावे, मूठभर वाळलेली काळी माती ओढू द्यावी आणि हवा बाहेर पडते त्या झरोक्यासमोरची उन्हाची तिरीप बघावी. त्या उजेडात कण तरळताना दिसले तर ते यंत्र या मातीचे नव्हे.

आता ओल्या कामाकडे. पाणी ओढता येणारे यंत्र म्हणजे मोटारीकडे पाणी जाऊ न देणारे यंत्र. त्याच्या डब्यात वरच्या बाजूला जाळीत बसवलेला हलका चेंडू असतो. पाणी वाढले की तो तरंगत वर जातो आणि हवेची वाट बुजवतो. आवाज एकदम चढतो, ओढ थांबते, आणि डबा रिकामा करायची वेळ झाली हे कळते. ओल्या कामाआधी कागदी पिशवी आणि कार्ट्रिज काढून स्पंजची बाही चढवायची असते, नाहीतर कागदाचा लगदा होतो. भिजवता येणारा कार्ट्रिज काही कंपन्या देतात, पण पुस्तिकेत तसे लिहिले असेल तरच त्यावर विसंबावे. डब्याची क्षमताही दोन प्रकारे मोजली जाते. दहा लिटरच्या म्हणवलेल्या डब्यात चेंडू बंद होईपर्यंत पाणी त्याहून बरेच कमी मावते. शिवाय एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, तेव्हा भरलेला डबा उचलून ओतायचा आहे हे ध्यानात ठेवावे.

९ किलोपास्कलचे सक्शन पाण्याचा अखंड स्तंभ सुमारे नव्वद सेंटिमीटर वर चढवू शकते. प्रत्यक्षात पाणी अखंड चढत नाही, हवेत मिसळून चढते, म्हणून नोझल पाण्यात पूर्ण बुडवू नये. किंचित तिरपे धरले की कडेने हवा शिरते आणि पाणी झपाट्याने उचलले जाते. भिजलेल्या सीटवर नोझल दाबून एकाच दिशेने सावकाश ओढावे. तेवढ्याच जागेवर दोन-तीनदा फिरवले की फोममधले पाणी वर येऊ लागते. शॅम्पू वापरायचा तर बेताने, कारण फेस हलका असतो आणि चेंडू उचलला जाण्याआधीच मोटारीकडे चढू शकतो.

चिखलाचे मात्र वेगळे आहे. ओल्या-सुक्या यंत्राने काळ्या मातीचा ताजा चिखल ओढायचा मोह होतो, तो टाळलेला बरा. हा चिखल नळीच्या वळ्यांत बसतो, तिथेच वाळतो आणि नळी कायमची अरुंद करून टाकतो. मॅट काढून उन्हात टाकावी. वाळताना माती आकसते, तिला भेगा पडतात, मॅट झटकली की ढेकळे सुटतात, आणि उरलेली भुकटी कोरड्या यंत्राने पाच मिनिटांत निघते. गोदावरीच्या पुराचे किंवा तुंबलेल्या ओढ्याचे गढूळ पाणी गाडीत शिरले असेल तर ते ओले असतानाच ओढावे, आणि लगेच बादलीभर स्वच्छ पाणी नळीतून ओढून नळी धुऊन घ्यावी. डबा आणि फिल्टर उघडे ठेवून पूर्ण वाळू द्यावे. बंद ओल्या डब्याचा वास दुसऱ्या दिवशी गाडीभर होतो.

बॅटरीचा हिशेब व्होल्ट आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकाराने होतो. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९० वॅट-तास ऊर्जा असते. यंत्र २७० वॅट ओढत असेल तर वीस मिनिटे मिळतात, जुन्या बॅटरीवर त्याहून कमी. गाडी मनापासून साफ करायला वीस ते तीस मिनिटे लागतातच, म्हणजे दुसरी बॅटरी हवी. हातातल्या छोट्या यंत्रात ७.४ व्होल्ट, २ अँपिअर-तासाची बॅटरी असेल तर तिच्यात १५ वॅट-तासही नसतात. १०० वॅटच्या मोटारीला ती नऊ मिनिटांच्या आत संपते. एवढ्यात पुढच्या दोन सीट होतात, डिक्की राहते. आणखी एक फसगत आकड्यांचीच. ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘१८ व्होल्ट’ या बहुधा एकाच पाच सेलच्या बॅटरीच्या दोन पाट्या असतात. एक पूर्ण चार्ज असतानाचा व्होल्टेज सांगते, दुसरी सरासरी. गॅरेजवाल्याकडे बॉश, मकिता किंवा डीवॉल्ट यांपैकी एखाद्या कंपनीचे बॅटरीवर चालणारे ड्रिल किंवा इम्पॅक्ट रेंच आधीपासून असेल, तर त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला व्हॅक्यूम घेणे सर्वांत शहाणपणाचे. बॅटरी दोन्हीकडे चालते आणि खर्च बराच वाचतो. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला सहसा बसत नाही. जाहिरातीतली किंमत अनेकदा नुसत्या यंत्राची असते, बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात, हेही आधी विचारून घ्यावे.

तीर्थपुरीसारख्या गावी कॉर्डलेस घेण्याचे सर्वांत ठोस कारण विजेचे आहे. पावसाळी वाऱ्यात वीज गेली की घरचा इन्व्हर्टर दिवे-पंखे सांभाळतो. १२०० वॅटचा वायरचा व्हॅक्यूम त्यावर लावला तर इन्व्हर्टरच बंद पडतो. बॅटरीचा चार्जर मात्र शंभर-दीडशे वॅटचा असतो, इन्व्हर्टरवरही चालतो आणि वीज असेल तेव्हा बॅटरी भरून ठेवता येते. दुसरे कारण सुरक्षिततेचे. ओल्या फरशीवर २३० व्होल्टची वायर ओढत फिरणे धोक्याचे आहे, १८ व्होल्टच्या यंत्रात तो धोका राहत नाही. तरीही दिवसाला चार-पाच गाड्या धुणाऱ्या गॅरेजने कॉर्डलेसवर भिस्त ठेवू नये. अशा कामाला वायरचा, १५ ते २० किलोपास्कलचा आणि मोठ्या डब्याचा व्हॅक्यूमच टिकतो. तो लावायच्या प्लगला ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्यावा. घरची एखाददुसरी गाडी, शेतात उभी असलेली पिकअप, रस्त्यावर जाऊन करायचे काम यांसाठी कॉर्डलेस.

गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारी यंत्रेही ‘कार व्हॅक्यूम’ म्हणून विकली जातात. त्या सॉकेटचा फ्यूज १० अँपिअरचा असेल तर १२० वॅटच्या वर काही मिळत नाही, आणि इंजिन बंद असताना वापर लांबला तर गाडीची बॅटरी उतरते. ‘वेट अँड ड्राय’ या नावाने येणारी उभ्या दांड्याची, रोलर फिरवून फरशी पुसणारी यंत्रे घराच्या टाइल्ससाठी आहेत. गाडीत आणि गॅरेजमध्ये त्यांचा उपयोग नाही.

काही गोष्टी कुठल्याही साध्या व्हॅक्यूमने ओढू नयेत. पेट्रोल, डिझेल, थिनर यांची वाफ मोटारीपर्यंत गेली की ठिणगीने पेट घेऊ शकते. वेल्डिंगची गरम खपली किंवा ग्राइंडरच्या ठिणग्या ओढल्या आणि डब्यात रुईचे धागे असले, तर आग आतच लागते आणि उशिरा कळते. बॅटरीतले सांडलेले ॲसिड नको. पिकअपमध्ये सांडलेली कीटकनाशकाची भुकटी नको. तोच व्हॅक्यूम पुढे घरातल्या गादीवर फिरतो. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतो, तेव्हा ब्रेकच्या ड्रममधली धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, हवा मारून उडवू तर नयेच. अशा धुळीसाठी व्हॅक्यूमच्या एल, एम, एच अशा प्रती ठरलेल्या असतात. त्यातल्या एच प्रतीच्या यंत्राने ९९.९९५ टक्के धूळ अडवावी लागते, आणि ॲसबेस्टॉसला तीच प्रत लागते.

मराठवाड्यातला उन्हाळा लिथियम बॅटरीला जड जातो. एप्रिल-मेमध्ये सावलीतला पारा चाळीसच्या वर जातो, बंद गाडीत तो त्याहून कितीतरी चढतो, आणि लिथियम बॅटऱ्या साधारण ० ते ४५ अंशांच्या दरम्यानच चार्ज कराव्यात असे सांगितलेले असते. व्हॅक्यूम डिक्कीत राहिला तरी बॅटरी काढून घरात आणावी. कामावरून आल्या आल्या गरम बॅटरी चार्जरला लावू नये, अर्धा तास थंड होऊ द्यावी. महिनाभर वापरायची नसेल तर निम्मी भरून ठेवावी. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळाभर पडून राहिली की तिची क्षमता लवकर घटते.

खरेदीच्या वेळी बिल, आणि बॅटरीच्या वॉरंटीची मुदत वेगळी लिहून घ्यावी. ती यंत्राच्या वॉरंटीपेक्षा कमी असू शकते. बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचे चिन्ह आणि आयएस १६०४६ हा क्रमांक असायला हवा. जादा फिल्टर आणि पिशव्या जालन्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात मिळतात का, हे यंत्र घेण्याआधीच विचारावे. फिल्टर मिळेनासा झालेला व्हॅक्यूम एका हंगामात अडगळीत जातो, मग मोटार कितीही चांगली असो. शक्य असेल तर घरून वाळलेली माती आणि थोडे पाणी नेऊन दुकानातच दोन्ही ओढून बघावे.

बॅटरी संपली, फुगली किंवा आपटून चेपली की ती भंगारात घालू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर आहे. त्यामुळे ज्या दुकानातून किंवा सेवा केंद्रातून घेतली तिथेच ती, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, परत द्यावी. इथले भंगार शेवटी जालन्याच्या पोलाद कारखान्यांकडे जाते, तिथे ते वितळवून सळया बनवतात. दाबलेल्या गठ्ठ्यात राहिलेली लिथियम बॅटरी वाटेत ट्रकमध्ये पेटू शकते, आणि भट्टीपर्यंत पोचली तर तिथल्या कामगारांसमोर फुटते.